राष्ट्रीय उद्यानांची मोजदाद: बफरमधली सफारी धरावी का?

प्रश्न : निवृत्तीनंतर पाहिलेल्या राष्ट्रीय उद्यानांची नोंद मी एका वहीत ठेवतो. कान्हा, बांधवगड, बंदीपूर, पेंच, बोरिवली, ताडोबा (बफर, म्हणजे गाभ्याभोवतीच्या क्षेत्रातील सफारी), नागझिरा, गौताळा आणि नायगावचे मयूर अभयारण्य मिळून आकडा नऊ होतो. पेंचला मी दोनदा गेलो, एकदा सिल्लारीकडून आणि एकदा तुरियाकडून. मुलाच्या मते हा आकडा फुगवलेला आहे. खरा आकडा कोणता?
— एक वाचक, परभणी

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे बरोबर आहे, पण त्यांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान हे दोन वेगळे दर्जे आहेत. अभयारण्यात स्थानिकांचे काही हक्क चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात मात्र गुरे चारण्यासही मनाई असते. गौताळा, नायगाव आणि नागझिरा ही अभयारण्ये असल्याने ती तिन्ही वगळावी लागतील. मराठवाड्यात एकही राष्ट्रीय उद्यान नाही, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला ही वजाबाकी जरा जास्तच लागते. तरीही गौताळा आणि जायकवाडीचे पक्षी अभयारण्य यांच्यासाठी वहीत स्वतंत्र पान ठेवावे. पितळखोऱ्याची लेणी गौताळ्याच्याच जंगलात आहेत, हे पाहता ते पान काही कमी मोलाचे ठरणार नाही.

ताडोबाची नोंदही तूर्त खोडावी. १९५५ मध्ये घोषित झालेले मूळ राष्ट्रीय उद्यान सुमारे ११६ चौरस किलोमीटरचे असून बफर क्षेत्र त्याच्या बाहेर येते. तेथे वाघ दिसला असला तरी वाघाच्या दर्शनाने हद्द बदलत नाही.

पेंचच्या बाबतीत मात्र आपण स्वतःवरच अन्याय केला आहे. सिल्लारीकडचे महाराष्ट्रातील पंडित जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय उद्यान आणि तुरियाकडचे मध्य प्रदेशातील इंदिरा प्रियदर्शिनी राष्ट्रीय उद्यान ही दोन स्वतंत्र उद्याने आहेत. नऊमधून चार गेली, एक वाढले, म्हणजे आकडा सहा. बोरिवलीला आपण केवळ कान्हेरी लेणी पाहिली असली, तरी ती उद्यानाच्या हद्दीतच असल्याने माझ्या मते ती भेट धरावी. काही जाणकार यावर नाक मुरडतील, त्यांना मुरडू द्यावे.

महाराष्ट्रातील सहा उद्यानांपैकी आता ताडोबा, नवेगाव, गुगामल (मेळघाट) आणि चांदोली ही चार उरतात. चिखलदऱ्याला मुक्काम केला म्हणजे गुगामल झाले असे समजू नये. तसेच २०१३ पासून नवेगाव-नागझिरा हा एकच व्याघ्र प्रकल्प असला, तरी त्यातले राष्ट्रीय उद्यान नवेगावचे आहे. म्हणूनच यापुढे प्रत्येक नोंदीत तारखेसोबत प्रवेशद्वाराचे नावही लिहावे आणि जमल्यास प्रवेशाची पावती त्याच पानावर चिकटवावी.