कवटीवर ठेवलेला फोटो

प्रश्न : भाऊ, वडील एका काळ्या-पांढऱ्या इंग्रजी सिनेमाची गोष्ट सांगायचे. समुद्रकाठी सांगाडा सापडतो आणि एक प्रोफेसर नुसत्या हाडांवरून ती बाई कोण, ते शोधतो. सिनेमा कोणता? आणि असं खरंच जमतं का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : तो १९५० सालचा ‘मिस्टरी स्ट्रीट’. दिग्दर्शक जॉन स्टर्जेस. तपास करणाऱ्या पोलिसाच्या भूमिकेत रिकार्डो माँटलबान. त्याला मदत करतो हार्वर्डच्या न्यायवैद्यक विभागातला डॉक्टर. माझा फार जिव्हाळ्याचा सिनेमा!

जळगावला कॉलेजच्या प्रयोगशाळेत हाडांची पेटी वर्षानुवर्षं माझ्या ताब्यात होती, म्हणून खात्रीनं सांगतो, जमतं. अंगठा आणि तर्जनी ताणून धरा. बाईच्या कमरेच्या हाडांचा पुढचा, खालचा कोन साधारण तेवढा रुंद. आता तर्जनी आणि मधलं बोट फाकवा, तो पुरुषाचा. हासळीच्या (गळ्याखालच्या) हाडाचं छातीकडचं टोक उरलेल्या हाडाशी सगळ्यांत शेवटी जुळतं, पंचविशी-तिशीच्या सुमारास. त्यावरून वयाचा अंदाज बांधता येतो.

सिनेमात बेपत्ता बायकांचे फोटो एकेक करून कवटीवर ठेवून बघतात. जुळत नाही, जुळत नाही, आणि एक चेहरा बरोब्बर बसतो. दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. हे मनचं नाही. ब्रिटनमधल्या १९३५ च्या रक्स्टन खून प्रकरणात ही पद्धत वापरली होती. मात्र फोटो जुळला, एवढ्यावरच ओळख पक्की धरत नाहीत. दात आणि आता डीएनएही तपासतात.