घेता येईल, दाखवता येईल, विकता येईल?

बडोदे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मार्ग आणि सामानाची यादी, दोन्ही नीट वाचलं. दुबईत चार दिवस, मग पॅरिस, म्युनिकला आतेभावाकडे आठवडाभर आणि शेवटी रोम. जमलं तर पुढच्या वर्षी जपान. यादीतला ड्रोन घरी ठेव. कारण खाली सविस्तर लिहितो.

तू विचारलंस, "तिकडे शूटिंग चालतं का?" यात तीन वेगळे प्रश्न दडले आहेत. फोटो घेता येईल का, तो लोकांना दाखवता येईल का, आणि त्यावर पैसे मिळवता येतील का. तिन्हींची उत्तरं प्रत्येक देशात वेगळी असतात. बहुतेक जण पहिला प्रश्न विचारून थांबतात आणि दुसऱ्या-तिसऱ्यात अडकतात. तुझ्या चॅनेलवर जाहिराती येतात, म्हणजे तिसरा प्रश्न तुला लागू आहे. "मी तर हौशी" हे उत्तर तिथे पुरत नाही.

दुबईत पहिलाच प्रश्न कठीण आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या 2021 च्या सायबर गुन्ह्यांच्या कायद्यात दुसऱ्या माणसाचा त्याच्या संमतीशिवाय फोटो काढणं, अगदी सार्वजनिक जागी काढला तरी, खाजगीपणाचा भंग ठरू शकतो. शिक्षा किमान 6 महिने कैद, किंवा 1,50,000 ते 5,00,000 दिरहॅम दंड, किंवा दोन्ही. अपघातातल्या जखमींचा व्हिडिओ काढून तो लोकांत पसरवणं याच कलमात येतं. म्हणून रस्त्यावर गाडी उलटलेली दिसली तर फोन खिशातच राहू दे. उंच इमारतीसमोर स्वतःचा फोटो काढताना मागे कोणाचं कुटुंब येत असेल तर दोन पावलं सरक. बायकांचे आणि मुलांचे फोटो विचारल्याशिवाय अजिबात नाहीत. सरकारी इमारती, लष्करी जागा आणि विमानतळाचा पासपोर्ट तपासणीचा भाग वर्ज्य. हा शेवटचा नियम जवळजवळ सगळ्या देशांत आहे. "आम्ही पोचलो!" म्हणत इमिग्रेशनच्या रांगेत व्हिडिओ सुरू करणारे पुष्कळ असतात. तिथला अधिकारी फोन मागतो, व्हिडिओ पुसायला लावतो आणि तुझी रांग लांबते. असं झालं तर वाद घालू नकोस. "सॉरी" म्हण, त्याच्यासमोर पूस आणि पुढे चालू लाग.

पॅरिसमध्ये पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं, तिसऱ्याचं अवघड. आयफेल टॉवर 1889 चा, आणि गुस्ताव आयफेल 1923 साली वारले. त्यामुळे टॉवरच्या आकारावर आता कुणाचा हक्क नाही. दिवसा काढलेला फोटो छाप, वीक, काहीही कर. रात्रीची रोषणाई मात्र 1985 सालची आहे, पिएर बिदो यांची, आणि तिच्यावर कलाकृतीसारखा हक्क आहे. घरच्यांना पाठवायला किंवा आठवण म्हणून कितीही काढ. जाहिरातीत, विकायच्या कॅलेंडरवर किंवा पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओच्या मुखपृष्ठावर वापरायचा असेल तर टॉवर चालवणाऱ्या संस्थेची परवानगी लागते. लूव्हर संग्रहालयाच्या अंगणातल्या काचेच्या पिरॅमिडलाही हेच लागू, कारण त्याचे वास्तुकार आय. एम. पेई 2019 साली गेले, आणि हक्क मृत्यूनंतर 70 वर्षं टिकतो. म्हणून तुला सुचवतो, मुखपृष्ठाचा फोटो टॉवरचा आणि दिवसाचा ठेव. पॅरिसला पोचल्यावर हे काम पहिल्याच सकाळी उरकून टाक. लूव्हरच्या आत फोटो चालतात, पण फ्लॅश आणि सेल्फी स्टिक चालत नाहीत. फ्लॅश आपोआप उडू नये म्हणून आत शिरण्याआधी मेनूत जाऊन तो बंद कर. दालनात पोचल्यावर बंद करू म्हणणारा हमखास विसरतो.

जर्मनीत दुसऱ्या प्रश्नाची पंचाईत आहे. तिथे 1907 चा कायदा अजून लागू आहे आणि त्याचं सार असं की ज्याचा चेहरा, त्याची संमती. फोटो घेण्याहून तो प्रसिद्ध करण्यावर त्याचा भर आहे. अपवाद आहेत. चौकाचं दृश्य टिपताना माणसं नुसती ओघाने येत असतील किंवा मिरवणूक, सभा असेल, तर चालतं. पण बाकावर एकट्या बसलेल्या आजींचा चेहरा चौकटभर घेतलास, की दृश्याचा विषय त्या झाल्या आणि संमती हवी. असहाय अवस्थेतल्या माणसाचा फोटो काढणं तर तिथे फौजदारी गुन्हा आहे. आतेभावाच्या मित्रांच्या जेवणाचा व्हिडिओ टाकायचा असेल तर जेवणाआधी सगळ्यांना विचार. एकाने जरी नकाराची मान हलवली, तरी त्याची खुर्ची चौकटीबाहेर जाईल असा कॅमेरा लाव. नंतर चेहरा धूसर करणं हा शेवटचा उपाय. त्यात बहुधा एखादी फ्रेम सुटतेच, कारण माणूस वळला की धूसर पट्टी मागे राहते.

रोमबद्दल थोडंच. व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपलमध्ये फोटो आणि व्हिडिओ दोन्ही बंद. निप्पॉन टेलिव्हिजन या जपानी वाहिनीने तिथल्या जीर्णोद्धाराचा खर्च उचलला आणि बदल्यात चित्रणाचे हक्क घेतले होते. त्या हक्कांची मुदत कधीच संपली, मनाई उरली. मनाई का आहे हे तिथे उभं राहून तपासायचं नसतं. मान वर कर आणि छतावरची चित्रं बघ.

आता ड्रोन. तुझा 249 ग्रॅमचा आहे, म्हणून सगळं माफ असं तुला विकणाऱ्याने सांगितलं असणार. युरोपात 250 ग्रॅमच्या आत असला तरी कॅमेरा असला की चालवणाऱ्याची नोंदणी लागते, आणि तो क्रमांक ड्रोनवर चिकटवावा लागतो. बाहेरून येणाऱ्याने ही नोंदणी ज्या देशात पहिल्यांदा उडवणार तिथे करायची, एकाच देशात. उंचीची मर्यादा 120 मीटर. पंख्यांची जाळी किंवा लेन्सवर फिल्टर चढवलास की 249 चे 250 च्या वर जातात आणि नियमांचा गट बदलतो. एवढं करूनही पॅरिस शहरावर आणि रोमच्या मध्यभागावर उडवायला बंदीच आहे. म्हणजे तुझ्या मार्गावर तो बहुतेक वेळ पिशवीतच राहणार. जपानमध्ये तर मर्यादा 100 ग्रॅमची आहे. 2022 च्या जूनपासून त्याहून जड ड्रोनची नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा 249 ग्रॅमचा असल्याचा तिथे काही फायदा नाही. मोरोक्को आणि इजिप्तमध्ये कस्टम्सवरच काढून घेतात. दुबईत स्वस्त मिळाला म्हणून नवा घेण्याचा मोह झाला तर लक्षात ठेव, 9 फेब्रुवारी 2022 पासून परदेशी तयार ड्रोन भारतात आणायला मनाई आहे. परत येताना अहमदाबादला तो हातचा जाईल.

बॅटऱ्यांचा हिशोब घरीच कर. जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक फक्त केबिनच्या बॅगेत. चेक-इनच्या पेटीत सापडल्या तर पेटी उघडायला तुला आत बोलावतात. 100 वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचं माप) चालतं, 100 ते 160 पर्यंत विमान कंपनीची परवानगी आणि जास्तीत जास्त दोन, त्यावर सपशेल नाही. पॉवर बँकेवर नुसता एमएएचचा (मिलीअँपिअर-अवर) आकडा लिहिला असेल तर त्याला 3.7 ने गुण आणि 1000 ने भाग. 20,000 चे 74 होतात, चालेल. तुझी दुसरी 30,000 ची आहे, तिचे 111 होतात. ती ठेवून जा. ज्या पॉवर बँकेवरचा छापील आकडा पुसला गेलाय तीही नको, कारण तपासणारा आकडा वाचतो, तुझा शब्द ऐकत नाही. सुट्या बॅटऱ्यांच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लाव आणि प्रत्येक वेगळ्या छोट्या पिशवीत टाक. किल्ल्यांच्या गुच्छाला दोन टोकं एकदम टेकली की बॅटरी तापते, आणि विमानात त्याचीच भीती असते.

कॅमेरा आणि लेन्स महागाच्या आहेत, म्हणून अहमदाबादला निघताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घे. हे पेट्या आत देण्याआधी करायचं असतं. वस्तू दाखवावी लागते, सिरियल नंबर लिहावा लागतो. बिलाच्या प्रती सोबत ठेव आणि विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोच. परतताना कुणी "हे तिकडेच घेतलं का?" असं विचारलं तर हाच कागद कामाला येतो.

ट्रायपॉडबद्दल एकच गोष्ट. हातातला कॅमेरा पर्यटकाचा वाटतो, पाय जमिनीवर टेकले की पहारेकऱ्याला व्यवसाय दिसतो आणि तो परवानगी मागतो. कठड्यावर ठेवायची छोटी कापडी उशी घे, पाव किलो तांदूळ भरून. बऱ्याच वेळा तेवढ्याने भागतं. तांदूळ तिथे पोचून भर, कारण धान्य नेण्यावर काही देशांत बंधन असतं.

जपानला जाशील तेव्हा क्योतोच्या गिओन भागाचं भान ठेव. गेइशांच्या (पारंपरिक नाच-गाणं करणाऱ्या कलावतींच्या) मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांमुळे तिथल्या खाजगी गल्ल्यांत 2019 पासून 10,000 येनच्या दंडाचे फलक लागले आणि 2024 मध्ये त्यातल्या काही गल्ल्या पर्यटकांना बंदच झाल्या. श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटोला उभं राहायचं नाही. 2012 साली तीन फ्रेंच पर्यटकांनी मूर्तीला ओठ टेकवून फोटो काढले आणि प्रिंट करायला गॉलच्या स्टुडिओत दिले. स्टुडिओवाल्यानेच पोलिसांना कळवलं आणि त्या पर्यटकांना निलंबित, म्हणजे लगेच न भोगायच्या, कैदेची शिक्षा झाली. भूतानच्या मंदिरांत आत कॅमेरा नेऊच नकोस.

हे सगळं पाठ झालं तरी खरी सवय माणसाला विचारण्याची लागते, आणि ती इथेच लागेल. येत्या रविवारी सकाळी खंडेराव मार्केटला जा. भाजीवालीसमोर कॅमेरा छातीखाली ठेव, आधी काहीतरी विकत घे, मग डोळ्यांत बघून विचार, "बेन, एक फोटो लऊं?" ती हसली तर काढ. हात हलवला तर "वांधो नहीं" म्हणून पुढे जा, लांबून झूम लावून नको. फोटो काढल्यावर स्क्रीन तिच्याकडे वळव, आणि तिने पुसायला सांगितलं तर तिच्यासमोर पूस. असे दहा जणांना विचार. पाच जण नाही म्हणतील, आणि नकार ऐकून चेहरा न पडू देण्याचा सराव होईल. हेच वाक्य जपानीत "शाशिन, ई देस का" एवढंच आहे. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर मात्र सराव करू नकोस. नाचणाऱ्या मुलींच्या वर्तुळात लेन्स घालणं इथेही गैरच आहे.

तुझ्या कार्डातले फोटो टाकताना फोटोत आपोआप साठलेली जागेची नोंद काढून टाक, आणि आतेभावाच्या घराचा व्हिडिओ तिथून निघाल्यावरच टाक. रविवारचे दहा फोटो मला संध्याकाळपर्यंत पाठव, नकार दिलेल्यांचा आकडाही.

तुझा,
काका