सूज दिसत नाही, पण आत चालू असते
प्रश्न : भावाला ९ वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा होण्याचा जुनाट आजार) आहे. आता त्रास नाही म्हणून त्याने औषधं सोडली आणि अँटीऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू केल्यात. कॅन्सरची भीती वाटते, काय करू?

उत्तर : ताई, भीती समजते, पण आधी त्याला औषधं परत सुरू करायला डॉक्टरांकडे न्या. होतं काय, की मोठ्या आतड्याला सूज असली की तिथे पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि जंतू मारायचं त्यांचं जे हत्यार, म्हणजे ऑक्सिजनचे फार तिखट रेणू, ते आपल्याच अस्तरावर सोडत राहतात, त्याने पेशींचा डीएनए बिघडतो, आणि अस्तर सारखं नवं बनत असल्याने चुका पुढे जातात. बिघडलेल्या पेशींना वाढू न देणारं पी५३ नावाचं राखणदार जनुक अशा आतड्यात बरंच लवकर बिघडतं. अँटीऑक्सिडंट म्हणजे असे तिखट रेणू शमवणारे पदार्थ, म्हणून त्यांच्या गोळ्यांनी हे थांबेल असं वाटणं साहजिक आहे हो, पण मोठ्या चाचण्यांत त्यांनी आतड्याचा कॅन्सर टळलेला दिसला नाही. सूज आटोक्यात ठेवणं हेच खरं काम. आणि आजार सुरू होऊन ८ वर्षं झाली की कोलोनोस्कोपीने (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघणं) कॅन्सरसाठी तपासणी सुरू करतात, म्हणजे त्याची वेळ झालीये, प्लीज याच महिन्यात करून घ्या.