'देऊ की, पत्र आणा' म्हणजे डेटा नव्हे

तुमची पोस्ट दोनदा वाचली. शाश्वत विकासात पीएच.डी., विषय पुण्याच्या पाणीवाटपाचा, कोर्सवर्क संपलंय, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर आहे. आणि ज्या सरकारी ऑफिसच्या आकड्यांवर सगळी मांडणी उभी आहे, ते आठ महिने 'साहेब मीटिंगला गेलेत' म्हणतंय. गाइड म्हणतात विषय बदला. तुम्ही विचारताय, थांबू की बदलू?

माझ्या मते दोन्ही नको. याच पायरीवर माझं दीड वर्ष गेलंय, त्यामुळे सूर तिरकस लागला तर सांभाळून घ्या. ऑफिसचं नाव लिहीत नाही. तुम्हीही लिहू नका, परत त्याच टेबलापाशी उभं राहायचंय. मी वकील नाही, विद्यापीठातही नोकरीला नाही. तुमच्या संशोधन केंद्राचा नियम वेगळा असेल तर तोच खरा. पेट-नेटसारख्या पात्रता परीक्षा, फेलोशिप हे तुम्हाला माहीत असणार, ते सोडतो.

मूळ चूक क्रमाची आहे. आपण आधी शीर्षक ठरवतो, संशोधन समितीपुढे मांडतो आणि मग पत्र घेऊन आकडे मागायला जातो. व्हायला हवं उलटं: फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर उघडायची, रकाने वाचायचे, कुठली वर्षं रिकामी आहेत ते मोजायचं, मग शीर्षक. टेबलावरचा माणूस 'देऊ की, पत्र आणा' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. आकडे असतात, पण रजिस्टरमध्ये, स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये, नाहीतर बदली होऊन गेलेल्या इंजिनिअरच्या पेनड्राइव्हवर. तुम्हाला हवा असतो दहा वर्षांचा प्रभागवार, महिनावार तक्ता. तो कोणी कधी बनवलेलाच नसतो. म्हणजे तुम्ही वाट बघताय ती अस्तित्वात नसलेल्या कागदाची.

आणि घड्याळ थांबत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या पीएच.डी. नियमांत सहा वर्षं मोजतात ती प्रवेशाच्या तारखेपासून, सिनॉप्सिस मंजूर झाल्यापासून नव्हे. पुनर्नोंदणी करून फार तर आणखी दोन मिळतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन.

आता सगळे सांगतील, आरटीआय, म्हणजे माहितीच्या अधिकाराचा अर्ज, टाका. टाका, पण 'प्रभागनिहाय पाणीपुरवठ्याचे विश्लेषण मिळावे' असं लिहू नका. कायदा असलेली माहिती द्यायला सांगतो, नवी तयार करून द्यायला नाही, आणि हे एका ओळीचं उत्तर बरोब्बर तिसाव्या दिवशी हातात पडतं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. त्या १५० शब्दांत अभिलेखाचं, म्हणजे ऑफिसातल्या नेमक्या नोंदवहीचं किंवा फाइलचं, नाव यायला हवं: अमुक जलशुद्धीकरण केंद्राचं दैनंदिन लॉगबुक, अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत. नाव ठाऊक नसेल तर पहिला अर्ज नुसत्या अभिलेखांच्या यादीसाठी करा आणि दुसरा प्रत्यक्ष पाहणीसाठी. पाहणी हा या कायद्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. रजिस्टर समोर उघडलं की दहा मिनिटांत कळतं, सलग चौदा दिवस एकच आकडा एकाच शाईत लिहिलाय की रोज खरंच मोजलंय. तसं दिसलं तर तो रकाना प्रबंधात घेऊ नका, पुढचे सहा महिने वाचतील. हवी तेवढीच पानं मागा, पानाला २ रुपये. उत्तर नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. दुसरं अपील ९० दिवसांत माहिती आयोगाकडे करता येतं, पण त्या रांगेवर पीएच.डी.ची भिस्त ठेवू नये.

समजा आकडे आले. तरी ते तसेच ओळीने मांडून आलेख काढू नका. पुणे महापालिकेची हद्दच मध्ये बदललीय: २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये २३ आली, आणि २०२४ मध्ये उरुळी देवाची आणि फुरसुंगी बाहेर गेली. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची, वॉर्ड तेव्हाचे. महापालिकेचे २०१७ नंतरचे कागद चार सदस्यांच्या प्रभागांचे. दोन्ही नकाशे एकमेकांवर बसत नाहीत. दरडोई पाणी २०१७ नंतर एकदम घटलेलं दिसलं तर आधी छेद, म्हणजे ज्या लोकसंख्येने भागलंत ती, तपासा, टंचाईचा निष्कर्ष मागाहून. माझं मत विचाराल तर कल पाहायचा तो जुन्या हद्दीपुरता, आणि समाविष्ट गावांना स्वतंत्र प्रकरण.

एककांचा घोळ वेगळाच. जलसंपदा विभाग टीएमसी (अब्ज घनफूट) आणि दलघमीत (दशलक्ष घनमीटर) बोलतो, महापालिका एमएलडीत (दिवसाला दशलक्ष लिटर). १ टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी, वर्षभर सारखं वाटलं तर सुमारे ७७.६ एमएलडी. त्यात सिंचन वर्ष १ जुलै ते ३० जून आणि महापालिकेचं वर्ष एप्रिल ते मार्च. दोन्हीकडचे वार्षिक आकडे शेजारी ठेवले की एक अख्खा उन्हाळा भलत्याच वर्षात जाऊन बसतो. शक्यतो महिन्याचेच आकडे घ्या.

पावसासाठी हवामान विभागाचा नकाशावरच्या चौकटींनुसारचा डेटा १९०१ पासूनचा मिळतो, पण चौकट अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाची आहे, म्हणजे साधारण २७ किलोमीटरची. सगळं शहर दोन-चार चौकटींत संपतं. त्यावरून 'प्रभागवार पाऊस' काढणारे प्रबंध लिहिले जातात, तुम्ही त्यात भर घालू नका.

मग विषय ठेवून करायचं काय? विश्लेषणाचं एकक बदला. प्रभाग सोडा, सोसायटी धरा. सोसायटीला दरवर्षी ऑडिट करावं लागतं, म्हणून टँकरवर किती खर्च झाला ते जमाखर्चात सापडतं, आणि सेक्रेटरी जरा बोलका असला तर बिलांची फाइलच समोर येते: तारीख, खेपा, दर. बोअरचं वीजबिलही बहुतेक त्याच कपाटात असतं. ऑफिसच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा हा डेटा घट्ट आहे, कारण यामागे कोणाचे तरी पैसे गेलेत.

सर्वेक्षणाचा नमुना ठरवताना मात्र '३८४ घरं' हा मंत्र म्हणू नका. तो साध्या यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, निवडीचा आकडा आहे, ९५ टक्के विश्वास आणि ५ टक्के चूक धरून. सोसायट्या निवडून प्रत्येकी दहा घरं घेतलीत आणि एका सोसायटीतल्या उत्तरांमधलं साम्य, म्हणजे आयसीसी, ०.१ धरलं, तरी डिझाइन इफेक्ट, म्हणजे नमुना किती पट वाढवायचा तो आकडा, १ + ९ × ०.१ = १.९ येतो. नमुना गेला ७३० घरांवर. आणि पाण्याच्या बाबतीत साम्य ०.१ पेक्षा बरंच जास्त असणार, कारण सगळे एकाच टाकीचं पाणी पितात. वीस फ्लॅटना विचारणं म्हणजे जवळपास एकालाच वीसदा विचारणं. घरं कमी घ्या, सोसायट्या वाढवा. आचारसमितीची (संशोधनातली नैतिकता तपासणाऱ्या समितीची) मंजुरी पहिल्या मुलाखतीच्या आधीची हवी, नंतरची तारीख चालत नाही.

हा बदल समितीपुढे मांडताना 'विषय बदल' हा शब्द काढूही नका. उद्दिष्टं तीच, डेटाचा स्रोत आणि पद्धत सुधारली, असं सहामाही सादरीकरणात दाखवा. गाइडना तेवढं मान्य होतं, असा माझा तरी अंदाज. आणि शीर्षकाला हात लागणारच असेल तर 'शाश्वत विकास' तिथून काढून पहिल्या प्रकरणात न्या. संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची १७ ध्येयं आणि १६९ लक्ष्यं आहेत. तुमचं काम फार तर सहाव्या, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेच्या, ध्येयातल्या एका लक्ष्याला भिडतं. 'शाश्वत विकास ध्येयांच्या परिप्रेक्ष्यात पुणे' असल्या शीर्षकावर बहिःस्थ परीक्षक पहिलाच प्रश्न विचारतो, उरलेली सोळा कुठायत?

विषयांतर, पण गाइडचं निवृत्तीचं वर्ष एकदा विचारून घ्या. निवृत्तीनंतर ते फक्त सहमार्गदर्शक राहू शकतात, तेही सत्तरीपर्यंत.

शेवटचं, त्या ऑफिसशी पत्रव्यवहार चालूच ठेवा, आकडे मिळोत न मिळोत. प्रत्येक पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्क्यातली तारीख बहुतेकदा पुसट उमटते. तिथल्या तिथे पेनाने लिहून बाजूला सही मागा. या प्रती दर सहामाही प्रगती अहवालाला जोडत जा. मुदतवाढ मागायची वेळ आली तर समिती तोंडी कहाणी ऐकत नाही, या पुसट शिक्क्याची तारीख बघते.