फोम टेंडर एक, माणसं चार: पुरेल का?

प्रश्न असा आहे: एमआयडीसीतल्या सॉल्व्हेंटच्या कारखान्यासाठी फोम टेंडर (फेसाने आग विझवणारी गाडी) घ्यायचाय. ४,५०० लिटर पाणी, ५०० लिटर फोम कंपाउंड (पाण्यात मिसळून फेस करायचं द्रव), वर २,४०० एलपीएमचा (मिनिटाला लिटर) मॉनिटर, म्हणजे गाडीवर बसवलेली पाण्याची तोफ. शिफ्टला माणसं चारच. साहेब म्हणतात, मॉनिटर दहा जणांचं काम करतो, मग जास्त माणसं कशाला?

साहेबांचं म्हणणं खोटं नाही, पण तो पाणीही दहा जणांचं पितो. पूर्ण सोडलात तर गाडीतलं पाणी दोन मिनिटंही टिकत नाही. हायड्रंट (आगीसाठीचा पाण्याचा नळ) जोडून पाणी चालू ठेवलंत, तर पाण्यात ३ टक्के मिसळायच्या कंपाउंडची टाकी सात मिनिटांत कोरडी. त्यामुळे प्रश्न माणसं किती हा नाहीच. तुमचा सगळ्यात मोठा बंड (सांडलेला माल अडवायला टाक्यांभोवती बांधलेली भिंत) किती चौरस मीटरचा, तिथून सुरुवात करा.

समजा तो १२ बाय १० मीटर आहे आणि त्यात टोल्यूइन पेटलंय. एनएफपीए ११ या अमेरिकी फोम-मानकानुसार मॉनिटरने बंडवर मारायचं तर चौरस मीटरला मिनिटाला ६.५ लिटर द्रावण (पाणी अधिक कंपाउंड), तेही ३० मिनिटं. म्हणजे मिनिटाला ७८० लिटर, एकूण २३,४०० लिटर. त्यात कंपाउंड साधारण ७०० लिटर. तुमच्याकडे ५००! शिवाय वाऱ्याने उडालेला आणि बंडबाहेर पडलेला फोम यात धरलेलाच नाही.

दुसरी गोष्ट मला वर्षानुवर्षं कुणी विचारलेली नाही: हे सगळं पाणी जातं कुठे? १२० चौरस मीटरमध्ये २३,४०० लिटर म्हणजे जवळजवळ २० सेंटीमीटर. टाकीतला माल आधीच बंडमध्ये आला असेल आणि भिंत बेताची असेल, तर पेटलेलं सॉल्व्हेंट पाण्यावर तरंगत भिंत ओलांडतं. शेजारची टाकी थंड करायला पाणी मारणाऱ्यालाही हे सांगून ठेवा. त्याचं पाणी बंडमध्ये पडलं की खालचा फोम फाटतो.

मेथॅनॉल, ॲसिटोन असं पाण्यात मिसळणारं काही ठेवत असाल तर साधा एएफएफएफ (तेलाच्या आगीवरचा नेहमीचा फोम) चालणार नाही, तो विरघळून बसतो. अल्कोहोल रेझिस्टंट कंपाउंड घ्या, आणि टक्केवारी व दर कंपनीच्या डेटाशीटवरूनच धरा. काही कंपाउंड अशा द्रवांवर ६ टक्क्यांनी लागतात, म्हणजे साठा थेट दुप्पट.

आता माणसं. चार जणांत काम होतं, पण ते हँडलाइन (हातात धरायचा होज) घेऊन पळणार असतील तर नाही. ६३ मिमीचा १५ मीटर होज भरला की नुसतं पाणीच ४७ किलोच्या आसपास असतं. दोघं ब्रँचला (होजच्या तोंडाला) अडकले की उरले किती? त्यापेक्षा एक ड्रायव्हर-पंप ऑपरेटर, एक मॉनिटरवर, आणि बाकी दोघांनी पहिल्या क्षणापासून हायड्रंट ते गाडी लाइन टाकायची. हँडलाइन शेवटी, उरलेल्या ज्वाळा टिपायला. ट्रॉलीवरचा एक सुटा मॉनिटर घेऊन ठेवला तर फारच उत्तम. नेम लावून, लॉक करून माणूस मागे येऊ शकतो.

आणि फोम घाईने सुरू करायचा नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. एका सॉल्व्हेंट स्टोअरला पोचलो, कंपाउंडचे ड्रम मागून येत होते, तरी मॉनिटर उघडला. मिनिटा-दीड मिनिटात ज्वाळा बसल्या, लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग कंपाउंड संपलं. भिंतीकडेचा एक तुकडा उघडा राहिला होता, तिथून परत पेट घेतला आणि थोड्याच वेळात अख्खी फोमची चादर गेली. टाकलेलं सगळं वाया. तेव्हापासून माझा नियम: पूर्ण अर्ध्या तासाचं कंपाउंड आणि पाणी जागेवर आहे याची खात्री होईपर्यंत फक्त आजूबाजूच्या टाक्या थंड करायच्या. कुणी अडकलं असेल तर गोष्ट वेगळी.

विमानतळावर दोन-तीन माणसांची गाडी चालते, असंही तुमच्या साहेबांनी म्हटलंय. चालते, पण तिचं काम निराळं. ए३२१ एवढ्या विमानाला आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या ७ व्या श्रेणीनुसार दोन गाड्या मिळून १२,१०० लिटर पाणी आणि मिनिटाला ५,३०० लिटरचा मारा लागतो. जेमतेम सव्वादोन मिनिटांचा साठा. पण तो माणसं बाहेर निघेपर्यंत आग दाबून धरायला. तुम्हाला बंड विझवून विझलेला ठेवायचाय.

तेव्हा गाडी घ्या, पण कंपाउंडची टाकी १,००० लिटरच्या वर मागा, किंवा बाकीचं ड्रममध्ये आणि ते गाडीत ओढणारा पंप. दोन वेगळ्या कंपन्यांची कंपाउंड एका टाकीत ओतू नका, गुठळ्या होऊ शकतात. सॉल्व्हेंटची यादी, बंडची मापं आणि हायड्रंटचा खरा एलपीएम टाका. पंपाच्या पाटीवरचा नको, सगळ्यात लांबच्या पॉइंटवर मोजलेला हवा. मग २,४०० चा मॉनिटर घ्यायचा की कमीजास्त करता येणारा, ते बोलू.