सासरच्या घराण्यात लग्न आधी की बाळ आधी?

प्रश्न: माझा नवरा इंग्लिश, आम्ही नॉर्विचला राहतो. सासूबाईंना घराण्याचा इतिहास काढायचा नाद लागलाय आणि त्यात मलाही ओढलंय. मागच्या रविवारी त्यांच्या मूळ गावच्या चर्चला जाऊन आलो, थडग्यांवरची अक्षरं पार झिजलेली, शेवाळ धरलेलं, आणि आत जुनं रजिस्टरही नाही. मग ऑनलाइन स्कॅन पाहिले तर लग्न मे 1719 आणि पहिल्या बाळाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी 1719! सासूबाई तेव्हापासून गप्पच आहेत, काय सांगू त्यांना?

उत्तर: अहो ताई, आधी त्यांना मस्त चहा करून द्या आणि सांगा, घराण्याची अब्रू शाबूत आहे. इंग्लंडात 1752 च्या आधी नवीन वर्ष 25 मार्चला लागायचं, आपल्याकडे शक पाडव्याला बदलतो आणि माघ-फाल्गुन वर्षाच्या शेपटाला येतात ना, अगदी तसंच. म्हणजे तो फेब्रुवारी त्या मेच्या नंतरचा, आजच्या हिशोबाने 1720 चा. बोटांवर मोजा, नऊ महिने भरतात! वंशावळीत 1719/20 असं लिहा, नाहीतर पुढच्या पिढीला परत हाच घाम फुटेल. आणि बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे हं, इथे बरेच जण फसतात.

रजिस्टरचं म्हणाल तर जुनी बहुतेक आता काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात, तुमचं तर नॉर्विचलाच आहे. नोंदी ठेवायचा हुकूम आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने 1538 मध्ये काढला खरा, पण कित्येक गावांची सुरुवातीची पानं गेलीच. अशा वेळी बिशपकडे दरवर्षी पाठवायच्या नकला मागा, 1598 नंतरच्या मिळाल्या तर नशीब.

1754 पासूनची लग्नाची पानं मात्र नक्की बघा, नवरा-नवरीच्या सह्या असतात, आणि लिहिता येत नसेल तर नुसती फुली, वाकडीतिकडी, शाईचा ठिपका पडलेली, आणि बाजूला व्हिकरच्या, म्हणजे गावच्या पाद्र्याच्या, सुबक अक्षरात तिचं नाव. मी तर अशा फुलीवरच अडकून बसते. 1813 पासून बाप्तिस्म्याच्या छापील फॉर्मात बापाचा धंदाही सापडतो, आणि जुलै 1837 नंतर सरकारी दाखलेच आहेत.

थडगी घासू नका हं, दगड सुटतो. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की जा आणि बाजूने फोटो काढा, बरीच अक्षरं उठून दिसतात.