होंडा सिटीचा रेडिओ कोड हरवला: आधी सेटचा सीरियल नंबर काढा

प्रश्न थोडक्यात असा: २०१० ची सिटी, सेकंडहँड घेतलेली. बॅटरी बदलल्यावर रेडिओवर 'एंटर कोड' येतंय. कोडचं कार्ड आधीच्या मालकाने दिलंच नाही, सर्व्हिस सेंटरने चेसिस नंबरवरून दिलेला कोड लागत नाही, आणि आता नवा सेट घ्या म्हणतायत.

नवा सेट एवढ्यात घेऊ नका. कोड गाडीचा नसतो, सेटचा असतो. चेसिस नंबरवरून जो कोड निघतो तो गाडीत मुळात बसून आलेल्या सेटचा. मधे कोणी सेट बदलला असेल तर तो कोड बरोबर असूनही तुमच्या सेटला लागणार नाही. सेकंडहँड गाडीत हे सहज होऊ शकतं. त्यामुळे पहिलं काम म्हणजे सध्या गाडीत असलेल्या सेटचा सीरियल नंबर मिळवणं.

त्याआधी ग्लोव्ह बॉक्स रिकामा करून आतल्या बाजूला छोटं स्टिकर आहे का ते बघा, मॅन्युअलच्या पाकिटातली पानं झटका. मूळ कार्डावर कोड आणि सीरियल नंबर दोन्ही असतात. कार्ड सापडलं तरी त्यावरचा सीरियल सेटच्या सीरियलशी जुळवूनच कोड टाका.

सीरियल नंबर बऱ्याच होंडा सेटमध्ये पॅनेल न उघडता दिसतो. किल्ली ऑन करा, रेडिओ बंद असू द्या. १ आणि ६ ही प्रीसेट (स्टेशन साठवायची) बटणं एकत्र दाबून धरा आणि धरलेली असतानाच पॉवरचं बटण दाबा. नंबर दोन तुकड्यांत येतो: 'यू' अक्षरापुढे चार आकडे, मग 'एल' अक्षरापुढे चार. अक्षरं सोडून आठ आकडे सलग लिहा. पहिल्या खेपेस नाही आलं तर रेडिओ बंद करून पुन्हा करा. दोन बटणांपैकी एखादं आधी सुटलं की नंबर येत नाही.

तरीही नाहीच दिसला, तर सेट बाहेर काढून वरचं स्टिकर वाचावं लागेल. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा (१० चा पाना). पॅनेल क्लिपांवर असतं, त्यामुळे स्क्रूड्रायव्हर न घालता प्लास्टिकची पट्टी वापरा आणि कडेला मास्किंग टेप लावा. पॅनेल सुटलं म्हणून जोरात ओढू नका, मागे कनेक्टर असतात. स्टिकरवर दोन-तीन नंबर असतात आणि घोटाळा इथेच होतो: ३९१०० ने सुरू होणारा नंबर पार्ट नंबर आहे, तो देऊन कोड मिळत नाही. बारकोडजवळचा सीरियल नंबर हवा.

मग डीलरकडे आरसी, ओळखपत्र, चेसिस नंबर आणि हा सीरियल घेऊन जा. 'चेसिसवरून नको, सीरियलवरून कोड काढा' असं स्पष्ट सांगा. स्टिकरचे आणि आरसीचे फोटो उघड्यावर कुठेही टाकू नका. चोरलेला सेट चालू करायला हीच माहिती लागते. अमेरिकेत विकलेली होंडा असेल तर तिथल्या होंडाच्या साइटवर चेसिस आणि सीरियल नंबर टाकून कोड मिळतो.

कोड १ ते ६ प्रीसेट बटणांनीच टाकायचा. म्हणजे हातातल्या नंबरात ७, ८, ९ किंवा ० असेल तर तो तुमच्या सेटचा कोड नव्हे. एखादा आकडा चुकला तर मधेच थांबू नका, उरलेले आकडे दाबून क्रम पुरा करा आणि मग पहिल्यापासून टाका. एकूण दहा प्रयत्न मिळतात. ते संपले की रेडिओ एक तास चालू ठेवावा लागतो, त्यानंतरच पुन्हा टाकता येतं. हा तास किल्ली एसीसीवर (इंजिन बंद, पण रेडिओ चालतो ती जागा) ठेवून, ब्लोअर आणि दिवे बंद करून काढा. इंजिन चालू ठेवायचं तर गाडी उघड्यावर हवी, बंद गॅरेजमध्ये अजिबात नको. बॅटरीची वायर काढून 'रिसेट' करायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. वीज तुटल्यामुळेच तर सेट कोड मागतोय.

कोड लागला आणि दोन दिवसांत पुन्हा मागितला, तर कोडात दोष नाही. बॅटरीचा क्लँप हाताने हलतो का बघा, मग सेटला कायम वीज देणाऱ्या फ्यूजची पकड तपासा.

इतर गाड्यांचे नियम वेगळे आहेत. अलीकडच्या काही होंडांमध्ये किल्ली ऑन करून पॉवरचं बटण दोन सेकंदांहून जास्त दाबून धरलं की सेट गाडीला ओळखतो आणि कोड लागतच नाही. तुमच्याकडेही हे आधी करून बघा, यात प्रयत्न वाया जात नाही. फोक्सवॅगन पोलो किंवा स्कोडा रॅपिडच्या 'सेफ' दाखवणाऱ्या सेटला मात्र अंदाजे आकडे टाकू नका, दोन चुकांतच तो तासभर बंद होतो.

डीलरला सीरियलवरूनही कोड मिळाला नाही, तर कार ऑडिओ दुरुस्त करणाऱ्याला विचारा. काही सेटच्या बोर्डवरची आठ पायांची मेमरी चिप प्रोग्रॅमर नावाच्या यंत्राने वाचून कोड काढता येतो. आधी चिपमधल्या मजकुराची कॉपी घ्यायला सांगा. ती न घेता काही लिहिलं आणि बिघडलं, तर सेट परत आणायला मार्ग नाही.

कोड मिळाला की सीरियलसकट घरी लिहून ठेवा, गाडीत नको.